गुडघ्यातली चांदीची तार

औषधाच्या दुकानात लिस्टरीन मागणाऱ्याला ते एका माणसाचे नाव आहे याची बहुधा कल्पना नसते. अमेरिकेतील डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी १८७९ मध्ये ते द्रावण बनवले आणि ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याला नाव दिले. द्रावण बनवण्यात लिस्टर यांचा हात नव्हता. तोंडाच्या उपचारांशी त्यांचे खरे नाते वेगळेच आहे. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. त्या शस्त्रक्रियेचा पाया लिस्टर यांनी घातला, आणि तोही एका गुडघ्यात.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन येथे, क्वेकर पंथाच्या सधन घरात झाला. वडील दारूचे व्यापारी. पण फावल्या वेळात त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात मोठी सुधारणा केली होती. डोळ्यांना न दिसणारे जग असते, हे मुलाला घरातच कळले. लिस्टर लंडनमध्ये शिकत असतानाच, १८४६ मध्ये, ईथरची भूल आली. शस्त्रक्रियेतील वेदना गेली, जखम चिघळणे मात्र गेले नाही. सर्जनचा रक्ताने कडक झालेला कोट तेव्हा अनुभवाची खूण मानला जाई. जखमेत पू होणे नैसर्गिक आणि ‘वाईट हवा’ हे त्याचे कारण, अशी समजूत होती.

एडिंबरा येथे जेम्स साइम या नामवंत सर्जनच्या हाताखाली ते शिकले. १८५६ मध्ये साइम यांच्या कन्येशी, ॲग्नेसशी विवाह केला आणि त्यासाठी क्वेकर पंथ सोडला. ॲग्नेस यांनी प्रयोगांच्या वह्या वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिल्या. पुढे ग्लासगोच्या रुग्णालयात लिस्टर यांनी हात-पाय कापलेल्या रुग्णांची मोजदाद ठेवली. ३५ पैकी १६ दगावले होते.

१८६५ मध्ये पाश्चर यांचे जंतूंवरील लिखाण त्यांच्या वाचनात आले. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरत, हेही त्यांना कळले. दोन गोष्टींची सांगड त्यांनी घातली. त्याच ऑगस्टमध्ये गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेला ११ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. हाड त्वचा फोडून बाहेर आलेले. अशा वेळी पाय कापणे हाच बहुतेकांचा उपाय होता. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांनी मुलगा दोन्ही पायांवर घरी गेला. १८६७ मध्ये अशा ११ रुग्णांची हकीकत त्यांनी छापली. त्यात एकाचा मृत्यू आणि एकाचा कापावा लागलेला पाय, हेही लपवले नाही. पुढच्या तीन वर्षांत अवयव कापलेल्या ४० पैकी ६ जण दगावले.

तरीही टीका थांबली नाही. अनेकांनी अर्धवट पद्धत वापरली आणि अपयशाचा दोष लिस्टर यांच्यावर टाकला.

१८७७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात आले. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका रुग्णाच्या फुटलेल्या गुडघ्याचा सांधा उघडला आणि वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेने बांधले. सहकारी अस्वस्थ झाले, आणि त्यांचे चुकत नव्हते. गुडघ्याची वाटी फुटल्याने कोणी मरत नसे. लाकडी पट्टी बांधली की माणूस लंगडत का होईना चालत असे. सांध्यात पू झाला तर मात्र पाय जाई किंवा जीव. म्हणजे न केली तरी चालेल अशी ही शस्त्रक्रिया होती. रुग्ण बरा झाला. पण लिस्टर यांनी पुढेही बजावले की, जखमेत जंतू शिरू देणार नाही याची मनोमन खात्री नसलेल्या सर्जनला हे करण्याचा नैतिक अधिकार नाही.

दातांच्या इम्प्लांटचा हिशेब असाच आहे. दात नसल्याने जीव जात नाही. ब्रिज किंवा कवळीवर काम भागते. त्यामुळे जोखीम आधी विचारायची. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत टायटॅनियमशी हाड एकजीव होते असे दिसले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. छिद्र पाडताना हाड मिनिटभर ४७ अंशांपर्यंत तापले तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सोडतात. खालच्या जबड्यातील नस दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होते. वरच्या जबड्यात स्क्रू सायनसमध्ये शिरू शकतो. त्रिमितीय स्कॅन काढण्यामागे हे कारण असते, केवळ बिल वाढवणे नव्हे.

शिवाय गुडघा शिवून बंद करता येतो, तोंड नाही. इम्प्लांट हिरडीतून कायम बाहेर डोकावतो आणि जंतूंच्या वस्तीतच राहतो. हिरड्या सुजलेल्या, साखर अनियंत्रित किंवा तंबाखू चालू असेल तर हाड धरत नाही किंवा पुढे झिजते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपऱ्यांना ते अजून कळायचे आहे. हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शने घेतली असतील, जबड्यावर रेडिएशन झाले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि नंतरही तपासणी चालूच राहते. भोकरदन किंवा मंठ्याहून जालन्याला येणाऱ्याने हे खेटे आधीच मोजलेले बरे. इम्प्लांटच्या सीलबंद डबीवरचे स्टिकर आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे. दहा वर्षांनी स्क्रू कोणता होता हे त्यावरूनच कळते.

लिस्टर यांची एक चूकही सांगितली पाहिजे. हवेतले जंतू मारण्यासाठी १८७१ पासून ते शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा सोडत. डोळे चुरचुरत, हात पांढरे पडत. खरा धोका हवेपेक्षा हात आणि अवजारांतून आहे, हे ध्यानात आल्यावर १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत, जगभरच्या डॉक्टरांसमोर, त्यांनी फवाऱ्याची शिफारस केल्याबद्दल शरम व्यक्त केली. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते आणि कीर्तीच्या शिखरावर होते.

१८९३ मध्ये इटलीतील प्रवासात ॲग्नेस गेल्या. मूलबाळ नव्हते. पुढे बॅरन किताब मिळाला, पण संशोधनातले मन उडाले होते. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंटमधील वॉल्मर येथे लिस्टर यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली. दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, ॲग्नेस यांच्या शेजारी झाले.