वळणाचा हिशेब

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की आपण भावाची चर्चा करतो. ज्या नांगराने कांद्याखालची माती पलटली, त्याची आठवण कुणाला होत नाही. लोखंडी नांगराचा फाळामागचा भाग एकदा हात फिरवून पाहावा. तो कुठेच सपाट नाही. त्याच्या पिळामुळेच माती उचलली जाते आणि उलटी पडते.

असा पीळ आज धातूतून कोरायचा, तर आधी संगणकात त्याचे चित्र तयार होते. मग कटर आणि कामाचा तुकडा मिळून पाच हालचाली एकाच वेळी करतात: तीन सरळ दिशांच्या आणि दोन फिरण्याच्या. तुकडा पुन्हा पुन्हा सोडून बांधावा लागत नाही, त्यामुळे दर बांधणीला शिरणारी चूक टळते. आपल्याच निफाड तालुक्यात, ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला. विमानाच्या वळणदार भागांना हेच तंत्र लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे यातले काहीच नव्हते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तिथे कळले की त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, रेषा उरली. तो यंत्रांची रेखाटने शिकला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापायची यंत्रे केली आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. बँकेत उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला असे खाते बुडीतच वाटले असते. त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ओसाड माळ देऊ केला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या काळी ओतकामातले वळण लाकडी नमुन्यावर हाताने घासून ठरे आणि वाळूच्या साच्यात उतरे. ते बरोबर आहे की नाही, याचा निकाल शेतात लागे. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिथे लेथ, म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रे, तयार होऊ लागले. १९५६ साली लक्ष्मणराव गेले. तोवर लोखंडाला भिणारा शेतकरी उरला नव्हता.

वळणाचा हिशेब आज संगणक मांडतो. ते वळण कोणत्या मातीसाठी हवे, हे मात्र अजूनही शेतकऱ्यालाच विचारावे लागते.