जोधाबाईच्या आधीच्या दुर्गाबाई

मी बुऱ्हाणपूरची. आमच्या गावात तापीकाठी शाही किल्ला आहे आणि शहाजहानची मुमताज १६३१ मध्ये इथेच वारली. त्यामुळे टीव्हीवर ‘मुघल-ए-आझम’ लागला की आमच्या घरी सगळे गोळा व्हायचे. माझं लक्ष मात्र सलीम-अनारकलीपेक्षा जोधाबाईकडे जायचं. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे पोटचा मुलगा, आणि मध्ये ही. एकदा आजीनं सांगितलं की या दुर्गा खोटे, आपल्या मराठी. कॉलेजात आल्यावर लायब्ररीत त्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र सापडलं आणि कळलं की जोधाबाई तर खूप नंतरची गोष्ट.

दुर्गाबाई १९०५ मध्ये मुंबईत लाड घराण्यात जन्मल्या. घर सुखवस्तू आणि सुशिक्षित, मूळ गोव्याकडचं. त्या कॅथेड्रल शाळेत शिकल्या, मग सेंट झेवियर्समध्ये गेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच मिशनरी कॉलेजात. शिकत असतानाच लग्न झालं, खोट्यांच्या श्रीमंत घरात. पुढे सासरची श्रीमंती ओसरली आणि पदरात बकुल आणि हरीन ही दोन लहान मुलं. कमावणं भाग होतं.

तेव्हा सिनेमात जाणं म्हणजे काय होतं, हे लक्षात घ्यायला हवं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली होती. पण ‘चांगल्या घरातल्या’ बाईनं तोंडाला रंग लावणं समाजाला पटत नव्हतं. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये दुर्गाबाईंनी छोटीशी भूमिका केली. चित्रपट सुमार निघाला आणि बदनामी मात्र दोन्ही घराण्यांची झाली. दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती.

त्या थांबल्या नाहीत. व्ही. शांताराम यांनी त्यांना प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’साठी बोलावलं. १९३२ चा हा बोलपट कोल्हापुरात तयार झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. गाणीही त्यांनीच म्हटली. ज्या लोकांनी नावं ठेवली, तेच आता कौतुक करू लागले. ‘अमर ज्योती’मध्ये (१९३६) त्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यामुळे समुद्री चाचेगिरीकडे वळलेली सौदामिनी झाल्या. नट-नट्या एकेका कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असण्याच्या त्या काळात त्या कुणा एकाच कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘सीता’तही त्यांनी काम केलं.

नाटकही सुटलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्या उभ्या राहिल्या. ‘भाऊबंदकी’सारखी जुनी नाटकं केली, आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे मराठी ‘मॅकबेथ’मध्ये, नानासाहेब फाटकांसमोर काम केलं. वय वाढलं तशा त्या आईच्या भूमिका करू लागल्या. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ त्याच संस्थेची. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हरीन मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या स्वतः गेल्या.

मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा १९३१ आणि १९३२ या दोन वर्षांमधली जागा मोठी वाटते. नाचक्की झाली, लोक बोलले, आणि तरी त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, कारण घरी मुलं होती आणि काम येत होतं. माझ्या घरी आजही मी नाटकात काम करते म्हटलं की क्षणभर सगळे गप्प होतात. यंदा एकांकिकेसाठी नाव दिलं तेव्हाही तसंच झालं. मी आजीला म्हटलं, तुझ्या जोधाबाईनंही हेच केलं होतं. आजी हसली आणि तालमीला किती वाजता जायचंय ते विचारलं.