नोंदवहीबाहेरचा रुग्ण आणि महालनोबिस

रुग्णालयाच्या नोंदवहीत आजाऱ्याचे नाव चढते, ते तो तेथवर पोहोचला तरच. जो पोहोचतच नाही, त्याची मोजदाद कोणी करावयाची? या प्रश्नाला आपल्या देशात शास्त्रशुद्ध उत्तर देण्याची वाट ज्यांनी घालून दिली, ते प्रशांतचंद्र महालनोबिस २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात जन्मले. केंब्रिजमध्ये शिकलेला हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक पुढे संख्याशास्त्राकडे वळला आणि १९३१ साली त्याने भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे दगावली. त्यानंतर महालनोबिसांनी खेड्यांतील कुटुंबांची नमुना पाहणी करून त्या आपत्तीचे परिणाम मोजले. १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. एकाच प्रदेशात दोन तुकड्यांनी स्वतंत्र नमुने घ्यावेत व आकडे ताडून पाहावेत, ही त्यांची शिस्त होती. मोजणाऱ्याचीही तपासणी व्हावी, हे तिचे मर्म.

१९७२ साली ते निवर्तले. परंतु ती वाट मोडली नाही. नमुना पाहणीच्या काही फेऱ्यांनी आजारपण व उपचारांचा खर्च मोजला. १९९२-९३ पासून मुंबईतील लोकसंख्या संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होऊ लागली आणि लसीकरण, बालकांचे कुपोषण यांचे घरोघरचे चित्र हाती आले. असे आकडे गैरसोयीचे ठरले म्हणून बाजूला सारणारे शासन रोग झाकते, बरा करीत नाही. आरोग्याचे धोरण उंबरठ्यावरील या मोजणीपासूनच सुरू झाले पाहिजे.