गंधकाम्लातून हेलियम मिळवणारे विल्यम रॅमसे

देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. तेथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो आणि नॉर्मन लॉकियर यांचे स्मरण केले जाते. मात्र हा वायू पृथ्वीवर प्रथम हाती आणून देणारे सर विल्यम रॅमसे कोकणात फारसे परिचित नाहीत.

रॅमसे यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजी ग्लासगो येथे झाला. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे डॉक्टरेट मिळवून आणि ब्रिस्टलमध्ये प्राध्यापकी करून १८८७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रुजू झाले. काच फुंकून उपकरणे घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. लॉर्ड रॅले यांच्यासमवेत त्यांनी १८९४ मध्ये हवेतील आरगॉन शोधला.

हा आरगॉन खनिजांतही असेल काय, हे पाहण्यासाठी मार्च १८९५ मध्ये त्यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमयुक्त खनिज विरल गंधकाम्लात उकळले. गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक ॲसिड, हे काही दुर्मिळ द्रव्य नव्हे. सुपरफॉस्फेट खत, मोटारीची बॅटरी, पोलादावरील गंज काढणे, खनिज तेलाचे शुद्धीकरण अशा कामांना ते टनावारी लागते. तेलकट दिसणारे हे आम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असते. तीव्र स्वरूपात ते साखरेतील पाण्याचा अंश ओढून तिचा कोळसा करते. पाण्याशी संयोग होताना इतकी उष्णता निर्माण होते की, आम्लच सावकाश पाण्यात ओतावे लागते. पाणी आम्लात ओतल्यास ते उसळून अंगावर येते. विरल केल्यावरही त्यात अनेक धातू व खनिजे विरघळतात. क्लेव्हाइट असेच विरघळू लागले आणि त्यात कोंडलेला वायू बाहेर पडला. अमेरिकेतील हिलब्रँड यांना पूर्वी याच रीतीने वायू मिळाला होता. परंतु त्यांनी तो नायट्रोजन मानला. रॅमसे यांनी वर्णपट तपासला, तेव्हा अनोळखी पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्स यांच्या मोजणीने ती सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची रेषा ठरली.

ही रेषा लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये पाहिली होती, पण इंग्लंडमधून. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणावेळी ते भारतात नव्हतेच. फ्रान्सचे जान्सेन गुंटूर येथे होते. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम रॅमसे यांच्या नळीत बंदिस्त होऊन जवळपास तीन वर्षे लोटली होती!

त्याच १८९८ मध्ये रॅमसे यांनी सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन शोधले. रेडियमपासून हेलियम निर्माण होतो, हे त्यांनी फ्रेडरिक सॉडी यांच्यासमवेत १९०३ मध्ये दाखवले आणि खनिजात तो कोठून आला, याचा उलगडा झाला. १९०४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

भारताशीही त्यांचा संबंध आला. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी १९००-०१ मध्ये देशभर फिरून त्यांनी बंगळूरची शिफारस केली. त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्सच झाले. रॅमसे यांचे २३ जुलै १९१६ रोजी इंग्लंडमध्ये निधन झाले.