काळोखातही सेवा

संतांच्या तसबिरी आपण पाहतो, त्यांचे अश्रू मात्र दिसत नाहीत. फ्रान्समधील संत जेन दी शांताल यांचे पती १६०१ साली शिकारीत चुकून गोळी लागून वारले. पदरी चार लहान मुले. त्या पार खचल्या. १६०४ साली बिशप फ्रान्सिस डी सेल्स यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याच्या मुलाच्या त्या धर्ममाता झाल्या! १६१० साली आनसी येथे त्यांनी धर्मभगिनींचा व्हिजिटेशन संघ उभारला. वय, आजारपण यांमुळे इतर मठांत प्रवेश न मिळणाऱ्या स्त्रियांनाही तेथे जागा मिळाली. मनातील काळोखाने मात्र त्यांना पुढेही अनेक वर्षे छळले. १६४१ मधील मृत्यूपर्यंत त्यांची सेवा थांबली नाही.

आपलेही मन खचले, तर श्रद्धा उणी पडली असे समजू नये. जवळच्यांशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे. काळोख सरण्याआधीही जगण्याला अर्थ असतो.