दहा दिवसांचे आयुष्य

कामोठ्याच्या आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी पाळणा बांधायची तयारी सुरूही झाली नव्हती, तेव्हाच सुनेला कळा सुरू झाल्या. सव्विसावा आठवडा, त्यात जुळ्या मुली. एक आठशे ग्रॅमची, दुसरी साडेसहाशेची; दोघीही किलोभर साखरेच्या पुड्याहून हलक्या. डॉक्टरांनी मुलाला बाजूला नेऊन शांतपणे सगळे सांगितले. वाचतील याची खात्री नाही, वाचल्या तरी डोळ्यांना, मेंदूला इजा राहू शकते, खर्चही मोठा. कुठवर प्रयत्न करायचे, हे तुम्हीही ठरवा. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी जपमाळ ओढत होते, पण मनात राहून राहून येत होत्या आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई म्हणजे पहिल्या हिंदू स्त्री डॉक्टर, एवढे आपण शाळेत शिकतो. त्या डॉक्टर का झाल्या, हे मात्र विसरतो.

कल्याणच्या जोशी घराण्यातली ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातल्या गोपाळरावांशी झाले आणि यमुनेची आनंदी झाली. नवरा बिजवर, वीसेक वर्षांनी मोठा, तापट. पण बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्याचा ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

इतक्या कोवळ्या आईचे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त होण्याचा धोका अधिक असतो, हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. त्या काळी असे मूल गेले की ते दैवाच्या खाती मांडायचे आणि पदर खोचून पुन्हा कामाला लागायचे, अशी रीत होती. आनंदीबाईंनी ती मानली नाही. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, असे त्यांच्या मनाने घेतले. बायका पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगत नाहीत आणि स्त्री डॉक्टर तर नाहीच. मग ती आपणच व्हायचे, असे त्यांनी ठरवले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत उभे राहून त्यांनी परदेशी का जायचे, ते सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या, तेव्हा वय अठरा आणि नवरा बरोबर नाही. अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात थंडी, परके अन्न आणि खंगत चाललेली प्रकृती सोसून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे ते बाळ असे प्रबंधापर्यंत पोचले होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभाग सांभाळायची नेमणूकही मिळाली. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंच्या मनात हा विचार मूळ धरत होता, त्याच सुमारास पॅरिसमध्ये तार्निए नावाचे डॉक्टर कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून बाळांसाठी उबेची पेटी करवून घेत होते. तिच्यामुळे त्यांच्या रुग्णालयात दोन किलोंहून हलक्या बाळांतले मृत्यू शेकडा ६६ वरून ३८ वर आले. औषध नवे नव्हतेच. ही बाळे जगू शकतात, हे मानणे नवे होते.

ही रेषा पुढे सरकतच राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा, साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा ३९ तासांत गेला. त्याची फुप्फुसे पिकली नव्हती. आज तसे बाळ बहुधा वाचते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, तेव्हा त्या गावांमधले अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

तरीही रेषा सगळीकडे एका जागी नाही. जपान आणि स्वीडनमध्ये बाविसाव्या आठवड्यातल्या बाळासाठीही झटतात. फ्रान्समधले डॉक्टर चोविसाव्याआधी सहसा हात आखडता घेत आले. बाळ तेवढेच, पण देश बदलला की निर्णय बदलतो. म्हणून डॉक्टर काय मानतात, हाही उपचाराचाच भाग ठरतो. सगळी बाळे वाचवता येत नाहीत, आणि कधी थांबणे हीच दया असते. पण प्रयत्न करून, विचार करून थांबणे वेगळे आणि हे जगायचे नव्हतेच म्हणून हात झटकणे वेगळे.

आमची धाकटी चौथ्या दिवशी गेली. थोरली बहात्तर दिवसांनी घरी आली. आता माझा चष्मा ओढते. दोघींसाठी डॉक्टरांनी सारखेच केले होते, आणि धाकटीपाशी थांबायची वेळ आली तेव्हा तिला सुनेच्या कुशीत दिले होते. आनंदीबाईंच्या बाळाचे नाव मला ठाऊक नाही. पण त्या दोन वेगळ्या गोष्टींतला फरक आपल्याकडे पहिल्यांदा दाखवला तो त्याच्या आईने, असे मी मानते. जपाला बसले की चार दिवसांच्या नातीबरोबर त्या दहा दिवसांच्या बाळासाठीही एक मणी ओढते.