मीर सुलतान खान

पंजाबातील मिठा टिवाणा गावचे मीर सुलतान खान (१९०५–१९६६) देशी बुद्धिबळावर वाढले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरते. सर उमर हयात खान यांनी त्यांना १९२९ साली विलायतेला नेले. तिथल्या ओपनिंगच्या पोथ्या त्यांना अपरिचितच. तरी हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला ६५ चालींत हरवले. ‘क्वीन्स इंडियन’ बचावापुढे पाचव्या चालीला त्यांनी वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे सरकवले, तेही एकच घर! पुढे ही चाल पेट्रोसियनच्या नावाने गाजली. खरे तर ती यांच्या नावे लागायला हवी होती. १९३३ मध्ये ब्रिटिश विजेतेपद तिसऱ्यांदा जिंकून ते मायदेशी परतले नि शेतीत रमले. ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ साली, मानद आणि मरणोत्तर.